एका प्रतीचं साप्ताहिक

कॉलेजच्या पोर्चमध्ये काचेची पेटी, तिला छोटं कुलूप, किल्ली शिपायाकडे. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातल्या ज्या कॉलेजात मी शिकलो, तिथल्या पेटीत वाचनालयाच्या दंडावर मी लिहिलेलं टिपण तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी टाचण्यांची चार भोकं तेवढी उरली होती. भित्तिपत्रक, हस्तलिखित म्हटलं की माझे कान टवकारतात ते तेव्हापासून.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातलं ‘आर्यन वीकली’ हे असंच एक हस्तलिखित. 1902 मध्ये सावरकर तिथे दाखल झाले आणि वसतिगृहात त्यांनी हे साप्ताहिक चालवलं. इंग्रजी राज्य उलथायला निघालेल्या पोरांनी साप्ताहिकासाठीसुद्धा इंग्रजीच शब्द घ्यावा, याचं मला हसू येतं. पण मौज खरी आहे ती हाताने लिहिण्यात. 1867 च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छापण्याचं ठिकाण घालावं लागे. ज्याला छापखानाच नाही, त्याच्यावर घालायचं काय?

त्यातला सावरकरांचा गाजलेला लेख ‘सप्तपदी’. परतंत्र राष्ट्राला ज्या सात अवस्थांमधून जावं लागतं, त्यांचं विवेचन त्यात आहे. शीर्षकातच लेखाची अर्धी कमाई आहे. सप्तपदी म्हणताच होमाचा धूर आणि तांदळाच्या लहानशा राशी डोळ्यांपुढे येतात. पहिलं पाऊल चुकवून सातवं टाकता येत नाही आणि सातवं पडलं की माघार नाही. लग्न पक्कं होतं ते तिथेच. राजकारणातला क्रम आणि अटळपणा विशीतल्या वाचकाला पटवायला याहून घरगुती प्रतिमा सापडणं अवघड. तरी एक खोच राहतेच. सप्तपदी दोघांची असते. राष्ट्राच्या जोडीने इथे कोण चालतंय? शिवाय इतिहास राशी मांडून वाट पाहत बसत नाही. प्रतिमा देखणी असली, की लेखक तिच्या मागे थोडा फरफटतो.

7 ऑक्टोबर 1905 ला पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने विदेशी कपड्यांची होळी झाली. प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला, वसतिगृहातूनही काढलं. केसरीने ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ या मथळ्याखाली प्राचार्यांना झोडपलं. मथळा झणझणीत, पण सरकारी मेहेरबानीवर कॉलेज जगवणाऱ्या माणसाची अडचण त्यात मावत नाही. मला बोचतं ते वेगळंच. शिक्षा झाली ती होळीला. कपड्यांच्या ढिगाचा धूर गावभर दिसला; साप्ताहिकातली अक्षरं खोलीतल्या खोलीत वाचली गेली.

एकच प्रत असण्याची ताकद हीच, आणि मरणही हेच. ती हातोहात फिरते, वाचणारा लिहिणाऱ्याला चेहऱ्याने ओळखतो, चूक काढायची तर समोर बसून काढतो. पण ती प्रत गेली की सगळंच गेलं. माझ्या टिपणाची नक्कल मीही ठेवली नव्हती.

तेव्हा कर्जत, नेरळ, खोपोली, चौक इथल्या माजी विद्यार्थ्यांनो, माळ्यावर कॉलेजचं एखादं जुनं हस्तलिखित पडलं असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी त्याच्या पानापानाचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.