क्षमा करायची कोणी?

मंडळी, पुढच्या रांगेतल्या मुलांनी हॅरी पॉटर वाचलाय, म्हणून आम्ही थेट २००७ च्या सातव्या, शेवटच्या भागाकडे येतो. हॅरीच्या आईवर जन्मभर प्रेम करणारा स्नेप युद्धात मरतो. हॅरी वैर सोडतो, पुढे मुलाला त्याचं नावही देतो. वाचताना डोळे भरतात, आमचेही भरले.

पण नेव्हिलचं काय हो? तिसऱ्या भागात त्या पोराला सगळ्यांत जास्त भीती कुणाची, तर आपल्याच मास्तरची, या स्नेपची! हॅरीने स्वतःपुरती क्षमा केली, हे ठीक. कादंबरी मात्र त्यात सगळ्यांचाच हिशेब मिटवून टाकते.

भागवतातली द्रौपदी आठवा. अश्वत्थाम्याने तिची पाच मुलं झोपेत मारली. अर्जुन त्याला बांधून आणतो, तेव्हा सोडा म्हणते तीच. याच्या आईवर माझ्यासारखी रडायची पाळी नको म्हणून. तो अधिकार तिचाच. भीम म्हणतो, मारा. मग दोघांचंही राखायला अर्जुन त्याचा मस्तकमणी काढून घेतो नि त्याला हाकलून देतो. तिथे भीमालाही बोलू दिलंय.

रोलिंगबाईंनी नेव्हिलच्या हाती तलवार दिली, नागीण मारायला लावली. स्नेपचं खरं कळल्यावर त्याला काय वाटलं, यावर एक वाक्य नाही.