चौकटीतील डोंगर : भूरूपांच्या संगणकीय वर्गीकरणाचा एक विचार

संगणकाने केलेले भूरूपांचे वर्गीकरण वस्तुनिष्ठ असते, हे विधान अनेकदा सिद्धान्तासारखे मांडले जाते. एकच नियम सर्व प्रदेशास सारखा लावला जातो, एवढ्या अर्थाने ते खरेही आहे. परंतु किती अंतरापर्यंतची भूमी पाहून वर्ग ठरवावयाचा, हे यंत्र सांगत नाही. ते आधीच कोणी तरी ठरविलेले असते, आणि रंगीत नकाशात तो निर्णय दिसेनासा होतो.

एडविन हॅमंड यांनी अमेरिकेतील अठ्ठेचाळीस संस्थानांचे वर्गीकरण 1964 साली प्रसिद्ध केले, ते हाताने केलेले होते. नकाशावर सहा मैल बाजूचा चौरस कल्पावयाचा. त्यातील मंद उताराच्या, म्हणजे शेकडा 8 हून कमी उताराच्या, जमिनीचे प्रमाण, स्थानिक उठाव, आणि ही जमीन सखल भागात आहे की उंच भागात, या तीन गोष्टींवरून वर्ग ठरवावयाचा, अशी ती रीत. डिकाऊ, ब्रॅब व मार्क यांनी 1991 साली न्यू मेक्सिकोसाठी तीच संगणकावर उतरविली. 200 मीटरांच्या घरांचे उंचीचे प्रतिमान घेऊन 9.8 किलोमीटरांची चौकट त्यांनी एकेक घर पुढे सरकविली. हॅमंड यांचे चौरस एकमेकांस लागून होते, एकमेकांवर येत नव्हते. हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही.

मैदानाकडून पर्वताकडे सरकताना चौकटीत पर्वताचा अंश क्रमाक्रमाने वाढत जातो, आणि दोहोंच्या मध्ये प्रत्यक्ष भूमीवर नसलेले पट्टे नकाशात उमटतात. न्यूझीलंडच्या संदर्भात ब्रॅबिन यांनी 1998 साली हा दोष स्पष्ट केला. मराठी अभ्यासकास तो सह्याद्रीखाली सहज पडताळता येईल. कड्याच्या पायथ्यापासून चार किलोमीटरांवरील कोकणातले भातखाचर घ्यावे. त्याच्याभोवतीच्या चौकटीत कडा येतो, शेकडो मीटरांचा उठाव मोजला जातो, आणि खाचर डोंगरयुक्त मैदानात जमा होते. हॅमंड यांचा वर्ग प्रदेशाचा होता, म्हणून त्यांच्याकडे हे विसंगत ठरले नसते. यंत्राने प्रदेशाचा गुण बिंदूच्या नावावर चढविला. असा नकाशा घेऊन जमिनीच्या उपयोगाचा किंवा दरडीच्या धोक्याचा विचार करणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

यासिएविच व स्टेपिन्स्की यांनी 2013 साली मांडलेली 'जिओमॉर्फॉन'ची कल्पना या अडचणीवर अधिक चतुर उपाय योजते. प्रत्येक घरावरून आठ दिशांना दृष्टी टाकावयाची, आणि भूमी वर चढते, खाली उतरते की समान राहते, एवढेच नोंदवावयाचे. त्यातून 498 आकृतिबंध निघतात. त्यांचा शिखर, सोंड, खांदा, पायथा, दरी अशा दहा रूपांत संक्षेप केला जातो. ही नावे डोंगरात वावरणाऱ्याच्या अनुभवाशी जुळतात, हा या पद्धतीचा खरा गुण होय. तथापि दृष्टी जास्तीत जास्त किती दूर न्यावयाची आणि किती कोनापर्यंत भूमी सपाट मानावयाची, या दोन गोष्टी वापरणाऱ्यालाच ठरवाव्या लागतात. पाचगणीच्या टेबललँडच्या मध्यभागाचे एक घर थोड्या अंतरापुरते पाहिले तर 'सपाट' ठरते. दृष्टी कड्यापलीकडे दरीपर्यंत नेली तर तेच 'शिखर' ठरू शकते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि छापील नकाशात त्यांपैकी एकच राहते.

या प्रश्नाला अधिक प्रामाणिकपणे सामोरा गेलेला प्रयत्न म्हणजे फिशर, वुड व चेंग यांचा इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशाविषयीचा 2004 मधील निबंध होय. हेल्वेलिन हे शिखर नेमके कोठे आहे, हा वरवर बालिश वाटणारा प्रश्न त्यांनी विचारला. अनेक आकारांच्या चौकटी लावून एखादे घर किती वेळा 'शिखर' ठरते, ते त्यांनी मोजले, आणि ते प्रमाण हेच त्याच्या शिखरपणाचे माप मानले. कोणत्या चौकटी घ्यावयाच्या आणि सर्वांना सारखेच वजन का द्यावयाचे, हे आक्षेप येथेही उरतात; मात्र ते घेण्यासाठी लागणारी सामग्री या निबंधातच वाचकाच्या हाती पडते.