गोंगाटाची वजाबाकी
ध्वनिमुद्रित भाषणातील गोंगाट कमी करण्यासाठी स्टीव्हन बोल यांनी १९७९ साली वर्णपट-वजाबाकीची पद्धती मांडली. वक्ता थांबला असता गोंगाटाचा वर्णपट मोजावयाचा व तो बोलण्याच्या वर्णपटातून वजा करावयाचा, हे तिचे सूत्र होय. यात गोंगाट स्थिर मानला आहे. बाजारातील कलकलाट तसा नसतो. वजाबाकी ऋण आल्यास तेथे शून्य धरल्याने तुटक सुरांची किणकिणही मागे उरते. भाषाशास्त्रदृष्ट्या आक्षेप याहून गंभीर आहे. ‘स’, ‘श’ ही घर्षक व्यंजने स्वभावतःच गोंगाटसदृश आहेत. ‘नाणे’ व ‘न्हाणे’ यांतील भेदही क्षीण महाप्राणत्वावर उभा आहे. गोंगाटाबरोबर तेही छाटले जाण्याचा संभव असतो. म्हणून ध्वनी कानास किती स्वच्छ वाटतो यापेक्षा शब्द किती ओळखू येतात, हीच या पद्धतीची खरी कसोटी मानली पाहिजे.