भिंत कोणाची? फिलाडेल्फियाची भित्तिचित्रे आणि ‘समाज’ नावाची गोष्ट

शहरातल्या कलेविषयी बोलताना एक वाक्य फार सहज उच्चारले जाते: कला समाजाला जोडते. ऐकायला बरे वाटते. पण जोडते म्हणजे नेमके काय करते? आणि ज्याला जोडायचे तो समाज तिथे आधीपासून असतो, की चित्राच्या निमित्ताने घडतो? हे आज आपण अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या आधारे तपासू.

या शहराने १९५९मध्येच सार्वजनिक बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी राखण्याचा नियम केला. पण ज्या कार्यक्रमामुळे ते आज ओळखले जाते, त्याचा उगम कलाप्रेमात नाही, बंदोबस्तात आहे. १९८४मध्ये महापौर विल्सन गुड यांनी भिंतींवर रंग फवारणाऱ्या मुलांना आवरण्यासाठी मोहीम काढली. तिच्यात नेमलेल्या चित्रकार जेन गोल्डन यांनी त्याच मुलांच्या हाती ब्रश दिले. १९९६मध्ये त्यातून ‘म्युरल आर्ट्स’ कार्यक्रम उभा राहिला. आजवर चार हजारांहून अधिक कलाकृती झाल्या. हे काम लहान नव्हे.

त्यांची पद्धत बघा. आधी वस्तीत बैठका होतात. काय हवे, काय नको, हे लोक सांगतात. आराखडा त्यांच्यापुढे येतो. रंगकाम भिंतीवरच व्हावे असेही नाही. पातळ कापडाचे तुकडे शाळेत, तुरुंगात रंगवतात आणि मग भिंतीला चिकटवतात. ‘हीलिंग वॉल्स’ हे २००४चे काम ग्रेटरफोर्ड तुरुंगातले कैदी आणि गुन्ह्यांची झळ सोसलेली माणसे यांच्या सहभागातून झाले. एका भिंतीवर कैद्यांचा प्रवास, दुसरीवर पीडितांचा. एकच गोड चित्र काढून दोघांचे दुःख सारखे ठरवले नाही, हे आम्हांला मोलाचे वाटते. हॅना अरेंट सार्वजनिक जगाला टेबलाची उपमा देतात: ते माणसांना एकत्र बसवते आणि त्यांच्यात अंतरही राखते. भिंतही असे टेबल होऊ शकते.

आता दुसरी बाजू. एवढ्या कोऱ्या भिंती या शहराला मिळाल्या कुठून? १९५०मध्ये फिलाडेल्फियाची वस्ती वीस लाखांवर होती; २०००मध्ये ती सुमारे पंधरा लाख उरली. कारखाने गेले, माणसे गेली, ओळीतली घरे पाडली गेली. शेजारचे घर पडले की उरलेल्या घराची बाजू उघडी पडते. चित्र येते ते तिथे. म्हणजे कॅनव्हास हीच मुळात जखम आहे. तिच्यावर सुंदर चित्र आले म्हणून गेलेले घर परत येत नाही. उलट भाव वाढले आणि त्या मोकळ्या प्लॉटवर नवी इमारत उठली, की चित्र झाकले जाते. चित्र काय असावे, हे वस्तीला विचारले होते. ते राहावे की नाही, हे तिच्या हाती नसते.

आणि ‘वस्ती’ तरी कोण? १९९५मध्ये इटालियन मार्केटमध्ये फ्रँक रिझो यांचे मोठे भित्तिचित्र झाले. आधी पोलीस आयुक्त, पुढे १९७२ ते १९८० महापौर. तिथल्या अनेकांना ते आपले वाटत. शहरातल्या अनेक कृष्णवर्णीयांना ते पोलिसी दांडगाईची आठवण करून देत. चित्रावर पुन्हा पुन्हा रंग फेकला गेला, पुन्हा पुन्हा ते दुरुस्त झाले. शेवटी जून २०२०मध्ये, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनात, ते रंगवून झाकले गेले. काहींना यात संस्कृतीचा नाश दिसला. आमचे मत वेगळे आहे. पंचवीस वर्षे जे बोलणे बैठकीत व्हायला हवे होते, ते रंगाच्या डब्यांनी झाले, हे खरे अपयश. चित्र काढण्यापूर्वी लोकांना विचारण्याची रीत या कार्यक्रमाने घालून दिली; काढून झाल्यावर पुन्हा विचारण्याची रीत तितकी पक्की झाली नाही.

म्हणून अशा कार्यक्रमाची परीक्षा भिंती मोजून होत नाही. निर्णयाच्या बैठकीत कोण होते, भिंतीचा मालक कोण, आणि वीस वर्षांनी नको वाटले तर ते कुठे जाऊन म्हणायचे, हे विचारावे लागते. समाज चित्रात नसतो. तो या भांडणात आणि ते नीट भांडण्याच्या व्यवस्थेत असतो. जिथे ही व्यवस्था नाही तिथे होते ते सुशोभीकरण. त्यालाही आमची हरकत नाही, पण त्याला ‘लोकसहभाग’ म्हणू नये.

इथे थांबतो. मतभेद असतील तर जरूर मांडा.