अर्थसीमधील जादू : निसर्गनियम की मनुष्यकृत व्यवस्था?

अद्भुतरम्य साहित्यात जादू असते, हे सांगण्यात विशेष काही नाही. त्या जादूला काय करता येत नाही, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ज्या कथाविश्वात काहीही घडू शकते, तेथे घडणाऱ्या कोणत्याच गोष्टीला मोल उरत नाही. नायक कितीही मोठ्या संकटात सापडला तरी वाचक निर्धास्त असतो, कारण लेखकाच्या मुठीत एखादा मंत्र शिल्लक असणार हे त्याला ठाऊक असते. जे. आर. आर. टॉल्किन यांनी परीकथांवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात कल्पित विश्वाच्या आंतरिक सुसंगतीवर भर दिला, त्यामागे हेच कारण आहे. पुढे २००७ मध्ये अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी या विचाराला जवळजवळ तांत्रिक सूत्राचे रूप दिले. जादूने पेच सोडवायचा असेल, तर ती जादू वाचकाला आधी नीट समजलेली असली पाहिजे, असा त्या सूत्राचा आशय आहे. हे सूत्र उपयुक्त आहे, परंतु ते कथानकाच्या बांधणीपुरतेच. नियम कोणी केले, ते कोणाच्या सोयीचे आहेत आणि त्यांची किंमत कोण मोजते, हे प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाहीत. हे प्रश्न स्वतःच्याच निर्मितीला विचारण्याचे धाडस उर्सुला के. ल ग्विन (१९२९–२०१८) यांनी केले. प्रस्तुत लेखात त्यांच्या अर्थसी-मालिकेतील जादूच्या नियमांचा आणि मर्यादांचा या अंगाने विचार केला आहे.

मालिकेतील पहिली तीन पुस्तके, म्हणजे 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (१९६८), 'द टूम्ब्ज ऑफ अतुआन' (१९७१) आणि 'द फार्देस्ट शोअर' (१९७२), अल्पावधीत लिहिली गेली. त्यानंतर तब्बल अठरा वर्षांनी 'तेहानू' (१९९०) आले आणि २००१ मध्ये 'टेल्स फ्रॉम अर्थसी' हा कथासंग्रह व 'दि अदर विंड' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पहिल्या तीन पुस्तकांत जे नियम निसर्गाचे म्हणून सांगितले गेले, त्यांपैकी काही अत्यंत महत्त्वाचे नियम उत्तरार्धात माणसांनी केलेले ठरतात. या बदलाला अनेक वाचकांनी विसंगती मानले. वस्तुतः मालिकेचा खरा विषय या बदलातच आहे.

नावाची विद्या

अर्थसी हा असंख्य बेटांचा द्वीपसमूह आहे. तेथील जादू खऱ्या नावावर चालते. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला आणि माणसाला आदिभाषेतील एक खरे नाव असते. ते ज्याला कळले त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. म्हणूनच माणसे आपले खरे नाव लपवतात आणि टोपणनावाने वावरतात. कथानायकाला लोक 'स्पॅरोहॉक' म्हणतात; 'गेड' हे त्याचे खरे नाव त्याला कुमारवयात गुरू ओगियनकडून मिळते. महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना सर्वस्वी परकी वाटू नये. नावरस नाव वेगळे आणि हाक मारण्याचे नाव वेगळे, ही पद्धत अजून अनेक घरांत आहे. आश्वलायन गृह्यसूत्रातही उपनयनापर्यंत केवळ मातापित्यांनाच ठाऊक असावे असे एक नाव सांगितले आहे. अर्थात ल ग्विन यांची प्रेरणा अन्यत्र शोधावी लागते. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ होते. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा अखेरचा माणूस १९११ मध्ये लोकांसमोर आला, तेव्हा त्याच्याबरोबर काम करणाऱ्या अभ्यासकांत क्रोबर प्रमुख होते. स्वतःचे नाव उच्चारणे जमातीच्या रीतीत बसत नसल्याने त्या माणसाने ते अखेरपर्यंत सांगितले नाही. 'माणूस' या अर्थाच्या 'इशी' या शब्दानेच तो ओळखला गेला. त्याचे चरित्र ल ग्विन यांच्या आई थिओडोरा क्रोबर यांनी लिहिले व ते १९६१ मध्ये, म्हणजे अर्थसीच्या पहिल्या कथांच्या तीनच वर्षे आधी, प्रकाशित झाले. ज्या घरात ही हकिकत परिचयाची होती, त्या घरातील लेखिकेला नाव ही जपण्याची गोष्ट वाटावी, यात नवल नाही.

नाव ही जादूची शक्ती आहे, तशीच ती तिची मर्यादाही आहे, ही या योजनेतील खरी खुबी होय. रोक बेटावरील विद्यालयात नामविद्येचा आचार्य एका एकाकी मनोऱ्यात विद्यार्थ्यांकडून नावांच्या याद्या पाठ करून घेतो. सगळा समुद्र शांत करायचा तर 'समुद्र' हा एक शब्द पुरत नाही. त्यातील प्रत्येक आखाताचे, खाडीचे, खडकामागच्या पाण्याचे नाव ठाऊक हवे. एवढी नावे एका आयुष्यात शिकणे अशक्य, म्हणून कोणाही मांत्रिकाची सत्ता त्याच्या जवळपासच्या आणि त्याला नेमकेपणाने ठाऊक असलेल्या गोष्टींपलीकडे जात नाही. येथे मर्यादा बाहेरून लादलेली नाही. ज्ञानाच्या स्वरूपातूनच ती उद्भवते. जादू म्हणजे कष्टांपासून सुटका, ही लोककथेतील समजूत या कोरड्या पाठांतराने मोडीत निघते.

समतोल आणि त्याची किंमत

दुसरा नियम समतोलाचा. खड्याचा हिरा झाल्याचा भास निर्माण करणे सोपे आहे. पण खडा खरोखर हिरा करणे म्हणजे जगात बदल करणे, आणि तसा बदल कितीही लहान असला तरी त्याचे परिणाम कोठवर पोहोचतील हे सांगता येत नाही. एका बेटावर पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटाचा दुष्काळ ठरू शकतो. ल ग्विन यांचा ताओ विचाराशी दीर्घकाळचा संबंध होता. 'ताओ ते चिंग'चे त्यांनी केलेले इंग्रजी रूपांतर १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. ओगियनच्या व्यक्तिरेखेत हा विचार अगदी साध्या रीतीने येतो. पाऊस दुसरीकडे वळवण्याची शक्ती असलेला हा मांत्रिक झाडाखाली भिजत झोपतो. तरुण गेडला हे मूर्खपणाचे वाटते, आणि त्याचे शिक्षण पूर्ण व्हायला सारी कादंबरी खर्ची पडते.

नियमांची रोजच्या जगण्यातली बाजू एका छोट्या प्रसंगातून स्पष्ट होते. गेडचा मित्र व्हेच याची धाकटी बहीण स्वयंपाक करता करता विचारते, की तुम्ही मांत्रिक प्रवासात शिधा कशाला बरोबर नेता, नुसते नाव उच्चारून अन्न का निर्माण करीत नाही? उत्तर असे मिळते, की मंत्राचे अन्न जिभेला आणि पोटाला फसवते, पण उपाशी माणसाच्या अंगात बळ आणीत नाही. मालिकेतील हा एकमेव मोकळा विनोदी प्रसंग नसेल, पण नियम समजावण्याची इतकी सहज रीत या वाङ्मयप्रकारात क्वचितच आढळते. पुष्कळ लेखक हेच काम परिशिष्टावर सोपवतात.

नियम मोडल्यावर किंमत मोजावी लागते आणि ती बहुधा दुसऱ्याला मोजावी लागते, हे ल ग्विन यांनी आरंभापासून ओळखले आहे. जॅस्पर या सहाध्यायाशी चढाओढ करताना गेड मृतात्म्याला पाचारण करतो. त्या फटीतून एक छाया जगात येते. ती फट बुजवताना विद्यालयाचा वृद्ध प्रमुख नेमर्ल प्राणास मुकतो. अहंकार गेडचा आणि मरण नेमर्लचे. पुढे एका गरीब होडीबांध्याच्या मुलाला वाचवण्यासाठी गेड मृत्यूच्या सीमेपलीकडे जातो. जखम भरावी, आजार बरा करावा, पण जाणाऱ्या जीवाला जाऊ द्यावे, हा वैद्यकाचा पहिला धडा तो दयेपोटी विसरतो. मूल वाचत नाहीच, शिवाय त्या सीमेवर छाया त्याची वाट पाहत असते. येथे नियमभंग दुष्टपणाने नव्हे, तर करुणेने झालेला आहे आणि तरीही नियम सवलत देत नाही. ही कठोरता किशोरांसाठीच्या पुस्तकात दाखवणे सोपे नव्हते.

'द टूम्ब्ज ऑफ अतुआन'मध्ये जादू तिच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. थडग्यांखालच्या अंधारातील शक्तींना नावच नाही. ज्याला नाव नाही त्यावर नावाची विद्या काय करणार? भूलभुलैयात गेडची सगळी शक्ती केवळ त्या शक्तींना थोपवून धरण्यात खर्च होते, आणि सुटका होते ती कोवळ्या वयाच्या पुजारीण तेनारच्या निर्णयामुळे. 'द फार्देस्ट शोअर'मध्ये कॉब नावाचा मांत्रिक मरण टाळण्यासाठी जीवन आणि मृत्यू यांमधील दार उघडतो आणि साऱ्या द्वीपसमूहातील जादू त्या भगदाडातून गळू लागते. मांत्रिक नावे विसरतात, गायकांची गाणी हरवतात. ते दार बंद करण्यासाठी गेड आपली सगळी विद्या वेचतो. येथे पूर्वार्ध संपतो आणि नियमांची चौकट पूर्ण झाल्यासारखी वाटते.

नियमांचा इतिहास

'तेहानू'मध्ये हीच चौकट स्वयंपाकघरातून पाहिली जाते. विद्या गमावलेला गेड गाँट बेटावर परततो, तेव्हा शेतकऱ्याची विधवा म्हणून जगणारी तेनार आगीत होरपळवलेल्या एका मुलीला सांभाळीत असते. दरोडेखोर येतात, तेव्हा गेडच्या हातात मंत्र नसतो, गवत उचलण्याचा काटा असतो. या पुस्तकात पहिल्यांदाच असा प्रश्न उभा राहतो, की रोकच्या विद्यालयात एकही मुलगी का नाही? पहिल्या कादंबरीत बायकांच्या जादूविषयीच्या तुच्छतादर्शक म्हणी येतात, त्या जणू लोकज्ञान म्हणून. 'चेटकीण' हा मराठी शब्द ज्या तिरस्काराने उच्चारला जातो, त्याच सुराच्या त्या म्हणी आहेत. स्वतः ल ग्विन यांनी १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात पूर्वार्धातील पुरुषप्रधान दृष्टीची मोकळेपणाने चिकित्सा केली. परंतु लेखिकेचे आत्मपरीक्षण हा एक भाग झाला. त्यातून कथाविश्वात काय घडले, हे अधिक महत्त्वाचे आहे. 'टेल्स फ्रॉम अर्थसी'मधील 'द फाइंडर' या कथेत कळते, की रोकच्या विद्यालयाची उभारणी स्त्रिया आणि पुरुष यांनी मिळून केली होती. त्याच संग्रहातील माहितीपर टिपणात हॅल्केल या पहिल्या मुख्य मांत्रिकाने स्त्रियांना वगळल्याचा उल्लेख येतो. मांत्रिकाने ब्रह्मचारी राहिले पाहिजे, हा दंडकही विद्येच्या स्वरूपातून येत नाही. गावातील चेटकीण मॉस तेनारला सांगते, की पुरुष मांत्रिक मंत्रानेच स्वतःला तसे बांधून घेतात. निसर्गनियम म्हणून शिकवलेली गोष्ट संस्थेचा ठराव निघते.

'दि अदर विंड'मध्ये हा शोध मृत्यूपर्यंत जातो. पूर्वार्धातील मृतांचा प्रदेश म्हणजे दगडी कुंपणापलीकडची कोरडी भूमी. तेथे वारा वाहत नाही, आणि ज्यांनी परस्परांवर प्रेम केले तेही एकमेकांना ओळखत नाहीत. वाचकाने ते सृष्टीचे विधान म्हणून स्वीकारलेले असते. आता उलगडा होतो, की फार पूर्वी माणसे आणि ड्रॅगन एकच होते. त्यांची वाटणी होताना माणसांनी भूमी व मालमत्ता घेतली आणि ड्रॅगनांनी स्वातंत्र्य. पुढे मांत्रिकांनी तो करार मोडला, आदिभाषा स्वतःकडे ठेवली आणि मरणानंतरही नावरूपाने उरण्यासाठी ड्रॅगनांच्या पश्चिमेकडील भूमीभोवती कुंपण घातले. कॉबने जे उघडपणे केले, तेच त्याच्या पूर्वजांनी साऱ्या मानवजातीच्या नावाने केले होते. भारतीय वाचकाला यातील एक गंमत विशेष जाणवेल : द्वीपसमूहातील सुसंस्कृत लोक ज्यांना रानटी समजतात ते गोऱ्या वर्णाचे कार्ग लोक पुनर्जन्म मानतात, जादू मानत नाहीत, आणि मेल्यावर त्या कोरड्या भूमीत जात नाहीत. शहाणपण रानट्यांकडेच असते.

यावर आक्षेप असा, की नियम मागाहून बदलल्याने पूर्वार्धाचा पाया ढासळतो. तो मान्य करता येत नाही, कारण समतोलाचा मूळ नियम अबाधित राहतो. किंबहुना कुंपणाची कथा त्याच नियमाचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण आहे. मांत्रिकांनी अमरत्व घेतले आणि त्याची किंमत सर्व मृतांनी मोजली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'तेहानू'च्या शेवटी तेनार आणि गेड कड्यावर मरणाच्या दारात असताना होरपळलेली मुलगी आदिभाषेत हाक मारते आणि कालेसिन हा महान ड्रॅगन येऊन दुष्टांचा नाश करतो. मुलीने किंमत आधीच, आपल्या देहावर मोजली आहे, असा बचाव करता येईल. पण कादंबरीने तोवर शस्त्रहीन, विद्याहीन माणसांच्या धैर्यावर जो भर दिला, त्याला हा आगीचा लोट साजेसा नाही.

याहून अडचणीची गोष्ट अशी, की रोकच्या नियमांना आव्हान देणाऱ्या दोन्ही स्त्रिया शेवटी मनुष्य राहत नाहीत. 'ड्रॅगनफ्लाय' कथेतील इरियनला द्वारपाल आत घेतो. परंतु मृत्यूतून परतलेल्या आचार्याशी सामना होताच ती ड्रॅगन होऊन उडून जाते. तेहानूही अखेरीस दुसऱ्या वाऱ्यावर निघून जाते. पंख असलेल्यांना विद्यालयाची गरज उरत नाही, आणि विद्यालयालाही त्यांना सामावून घ्यावे लागत नाही. नावांच्या याद्या पाठ करण्याची तयारी असलेली, पंख नसलेली एखादी खेड्यातली मुलगी दारात उभी राहिली तर नऊ आचार्य काय करतील, हे सहाही पुस्तकांत कोठे दिसत नाही.