आयोगाची घटना आणि बालकाची भाषा

बालहक्क संरक्षण आयोग अधिनियम, २००५ अन्वये स्थापन झालेल्या राज्य आयोगांकडे बालकांच्या रक्षणार्थ असलेल्या कायद्यांचे परीक्षण करून उपाय सुचविण्याचे कार्य सोपविलेले आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमावरील देखरेखही पुढे त्यांच्याकडे आली. अशा परीक्षकमंडळाची घटना हा केवळ नेमणुकांचा प्रश्न नव्हे. कायद्याच्या व्यवहारातील कोणते दोष नजरेस पडतील, हे त्या घटनेवर अवलंबून असते.

अधिनियमाच्या १७ व्या कलमानुसार आयोगात एक अध्यक्ष व सहा सदस्य असतात. सदस्यांपैकी किमान दोन स्त्रिया असाव्या लागतात. शिक्षण, बालकांचे आरोग्य व संगोपन, बालन्याय, बालमजुरीचे निर्मूलन, बालमानसशास्त्र किंवा समाजशास्त्र आणि बालकांविषयीचे कायदे ही सदस्यांची क्षेत्रे होत. अध्यक्षाच्या निवडीसाठी मंत्र्याच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्य समितीची शिफारस आवश्यक मानली आहे. सदस्यांसाठी तसे बंधन नाही. ही उणीव सहज ध्यानात येते. दुसरी उणीव मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: या यादीत भाषेला स्थान नाही.

वास्तविक २०१२ च्या अधिनियमाचा सारा भार बालकाच्या शब्दावर आहे. बालक जसे बोलेल तसाच जबाब नोंदवावा, अशी त्याची आज्ञा आहे. मराठी मूल ‘काका’ म्हणते तेव्हा तो वडिलांचा भाऊ असेल, शेजारी असेल किंवा रिक्षा चालविणाराही असेल. अपराधी नातेवाईक असल्यास याच अधिनियमाच्या ५ व्या कलमाने अपराध अधिक गंभीर ठरतो. म्हणजे एका संबोधनाच्या अर्थावर शिक्षेचे मान अवलंबून राहते. उलटपक्षी, मुलाच्या ‘त्रास दिला’ या शब्दांऐवजी कागदावर ‘विनयभंग केला’ असे उतरले, तर ते मूल साक्षीच्या वेळी स्वतःचाच जबाब ओळखू शकणार नाही.

मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या बालकाच्या बाबतीत ही अडचण दुणावते. या भाषा मराठीहून भिन्न कुलांतील आहेत. २०२० च्या नियमांत दुभाष्यांच्या नोंदवहीची तरतूद आहे. परंतु दुभाष्याला त्या प्रदेशातील वास्तव्याने आलेले भाषेचे कामचलाऊ ज्ञानही पुरेसे मानले आहे. भाषा येणे आणि भ्यालेल्या मुलाचे तुटक बोलणे अर्थाला धक्का न लावता दुसऱ्या भाषेत आणणे, यांत मोठे अंतर आहे.

मानसशास्त्रज्ञ हे काम पाहू शकेल, असा आक्षेप संभवतो. तथापि मूल का गप्प राहिले हे सांगणे निराळे आणि ते जे बोलले त्याचा अर्थ नोंदीत टिकला की नाही हे तपासणे निराळे. यासाठी अधिनियमात दुरुस्ती होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. शिक्षण किंवा बालमानसशास्त्र या क्षेत्रांतून सदस्य नेमताना बालभाषेचा जाणकार निवडण्यास आजही कायद्याची आडकाठी नाही. तशी निवड होत नाही तोवर आयोग कायद्याच्या कलमांचे परीक्षण करील. बालकाच्या जबाबाचे परीक्षण मात्र त्याच्या कक्षेबाहेरच राहील.