‘चिन्ह’ : चित्रांविषयी बोलणारी मराठी

आमच्या पिशोरच्या कन्नड तालुक्यातच पितळखोरे येथे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तेथे सापडलेली यक्षाची एक ठेंगणी, हसतमुख मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हाताच्या मागील बाजूस एक छोटा लेख कोरलेला आहे. ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली, एवढेच तो सांगतो. अजिंठा-वेरूळच्या या परिसरात असंख्य हात राबले. नाव मागे ठेवून गेलेले मात्र फारच थोडे. मराठीत ही उणीव आजही जाणवते. आपल्याकडे कवितेची व नाटकाची समीक्षा आहे, संगीताविषयी रसाळ लेखन आहे. परंतु चित्रापुढे उभा राहिलेला सुशिक्षित मराठी माणूस ‘छान आहे’ किंवा ‘काही कळले नाही’ यापलीकडे सहसा जात नाही. या पार्श्वभूमीवर ‘चिन्ह’ या नियतकालिकाचे मोल जोखणे अगत्याचे वाटते.

चित्रकार व पत्रकार सतीश नाईक यांनी १९८७ साली मुंबईत ‘चिन्ह’ सुरू केले. केवळ दृश्यकलेला वाहिलेले वार्षिक मराठीत काढणे हे धाडसच होते. काही अंकांनंतर ते थांबले आणि २००१ साली पुन्हा निघू लागले. एका माणसाच्या ध्यासावर चाललेल्या या प्रकाशनाने चित्रकार, शिल्पकार, कलाशिक्षण अशा विषयांवर साध्या, बोलक्या मराठीत लिहिले आणि इतरांकडून लिहवून घेतले. पुण्यातील जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी त्याचे काही अंक आणले होते. ते वाचताना प्रथम जाणवले ते हे, की येथे चित्रकार हा कोणी विक्षिप्त प्राणी म्हणून येत नाही; घरभाडे, आजार, मैत्री आणि हट्ट असलेला माणूस म्हणून येतो.

‘चिन्ह’ची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे वासुदेव गायतोंडे यांचा शोध. गोव्यात मूळ असलेल्या कुटुंबात १९२४ साली नागपूरला जन्मलेला आणि गिरगावात वाढलेला हा चित्रकार १९४८ मध्ये जे. जे. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडला. पुढे तो दिल्लीला गेला, अबोल राहिला आणि २००१ साली जवळजवळ एकाकी अवस्थेत वारला. ‘चिन्ह’ने त्याच्या मित्रांकडून व समकालीनांकडून आठवणी मिळवल्या आणि त्या अनेक अंकांतून छापल्या. त्यांतूनच २०१६ साली ‘गायतोंडे’ हा ग्रंथ सिद्ध झाला. येथे काळाचा क्रम ध्यानात घेतला पाहिजे. २०१३ साली मुंबईतील लिलावात गायतोंडे यांचे एक चित्र २३ कोटींहून अधिक किमतीला गेले आणि सर्व वृत्तपत्रांना त्यांचे नाव ठाऊक झाले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातील त्यांचे मोठे प्रदर्शन २०१४ मधले. ‘चिन्ह’ने त्यांच्याविषयी लिहायला घेतले ते या साऱ्याच्या कितीतरी आधी. किंमत कळल्यावर माणसाचा आदर करणे सोपे असते. त्याआधी त्याच्यासाठी दारोदार फिरणे, यात प्रेमही आहे आणि न्यायही.

तथापि समीक्षकाने दोष झाकू नयेत. ‘चिन्ह’ वाचून गायतोंडे हा माणूस कळतो, पण गायतोंडे यांचे चित्र कसे पाहावे हे त्या मानाने कमी कळते. त्या निराकार रंगपटलापुढे किती वेळ थांबावे, रंगाचे थर नजरेला कोठे नेतात, याचे धडे माझ्यासारख्या अनभिज्ञ वाचकाला हवे होते. आठवणी कधी कधी चित्राच्या आड येतात. शिवाय कलाशाळांच्या कारभारावरील लेखन तळमळीचे असले, तरी त्याचा सूर पुष्कळदा मुंबईतील जाणकारांच्या आपसातील वादाचा राहतो. कन्नड-पिशोरकडच्या चित्रकला शिक्षकाला, जो दरवर्षी मुलांना एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसवतो, त्यात आपले स्थान सापडणे कठीण आहे.

आता नाजूक विषय. मागील दशकाच्या आरंभी ‘चिन्ह’ने ‘नग्नता : चित्रातली आणि मनातली’ असा विशेषांक काढला. धर्मग्रामातील एक माता, जिची कन्या कलाशाळेत जाऊ इच्छिते, तो अंक माझ्या मेजावर पाहून म्हणाली, “फादर, पोरीच्या हाती हे द्यावं का?” प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला हसून उत्तर देणे अन्यायाचे ठरले असते.

मला सिस्टिन प्रार्थनामंदिर आठवले. मायकेलएंजेलोने तेथील ‘अंतिम न्याय’ १५४१ साली पूर्ण केला. त्याच्या निधनानंतर १५६५ साली दानिएले दा व्होल्तेरा या त्याच्याच शिष्याकडून त्यातील नग्न देहांवर वस्त्रे रंगवून घेण्यात आली. पुढे त्या भित्तिचित्राची स्वच्छता पूर्ण झाली तेव्हा, ८ एप्रिल १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याच मंदिरातील प्रवचनात त्या जागेला मानवी देहाच्या ईशज्ञानाचे मंदिर म्हणून गौरविले. एकाच ख्रिस्तसभेने एका काळी झाकले आणि दुसऱ्या काळी गौरविले. दोन्ही वेळी प्रश्न एकच होता : पाहणारा त्या देहात व्यक्ती पाहतो की वस्तू?

‘चिन्ह’च्या शीर्षकातील ‘मनातली’ हा शब्द नेमका हाच प्रश्न विचारतो, म्हणून तो अंक धीट असूनही उथळ नाही. जाहिरातींत स्त्रीदेहाचा जो बाजार मांडला जातो, तो आपल्या घरांत रोज विनाप्रश्न शिरतो. या अंकाने निदान प्रश्न तरी विचारला. मी त्या मातेला म्हणालो, “ताई, आधी तुम्ही वाचा. मग दोघींनी मिळून वाचा, आणि बोला.”

वाचकबंधुभगिनींनो, यात आपल्यालाही एक बोध आहे. गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेल्या आंजेलो दा फोन्सेका यांनी शांतिनिकेतनात शिक्षण घेतले आणि पवित्र मरियेला साडी नेसलेल्या भारतीय मातेच्या रूपात रंगवले. आपल्याच लोकांचा रोष पत्करून ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि १९६७ साली निवर्तले. आपल्या किती घरांना त्यांचे नाव माहीत आहे? गायतोंडे यांना एक ‘चिन्ह’ लाभले. फोन्सेकांसाठी मराठीत कोणी इतके हिंडले असते, तर आपल्या भिंतींवरील परदेशी छापील तसबिरींकडे आपण जरा वेगळ्या नजरेने पाहिले असते.

ती माता पंधरा दिवसांनी अंक परत घेऊन आली. काही पाने तिला आवडली नव्हती आणि तिने तसे स्पष्ट सांगितले. पण त्याच हाताने तिने दुसरा अंक मागितला : गायतोंडे यांच्यावरचा.